नोंद वाचून दाखवा

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका पानावर आले की त्याला आपण सातबारा म्हणतो. साताच्या भागात जमीन कुणाची, किती, कोणत्या वर्गाची आणि तिच्यावर कुणाचा बोजा. बाराच्या भागात त्या साली काय पेरलं. या पानावर पीककर्ज मिळतं, सोयरीक जमते, भावाभावांत दावे उभे राहतात आणि मिटतात. मी १९८६ साली तलाठी म्हणून रुजू झाले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराचसा काळ भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात गेला. रुजू झाले तेव्हा हे पान निळ्या शाईनं लिहिलं जात होतं. निवृत्त होताना ते पडद्यावर होतं आणि त्यावरची सही यंत्रातून उमटत होती.

संगणक, मोबाइल, ड्रोन आणि आता शेतकऱ्याला मिळालेला ओळख क्रमांक यांच्याविषयी बोलताना लोक म्हणतात की काळ नवा आहे, प्रश्नही नवे आहेत. माझ्या खात्याचा इतिहास वाचल्यावर मला तसं वाटत नाही. जमीन मोजायला साखळी आली, हक्क लिहायला छापील नमुना आला, पीक टिपायला कॅमेरा आला. दर वेळी प्रश्न तोच होता. ज्याच्याविषयी लिहिलं जातंय त्याला ते कळतं का? चुकलं तर त्याचं ऐकून घ्यायला कुणी बांधील आहे का? ज्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं त्यांची नोंद टिकली. ज्यांनी ते पुढे ढकललं त्यांच्या चुका गावांनी पिढ्यान् पिढ्या भोगल्या.

इंग्रजी अमलाच्या आधी जमिनीचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. कुलकर्णी मोडीत लिही. खाली पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई आणि इतर वतनदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची खूण करत. शिवेचा वाद असला तर महार वतनदाराच्या साक्षीला मोठं वजन असे, कारण गावाची हद्द पायाखालची असलेला माणूस तोच. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं त्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, आणि तरीही त्याच्या वाट्याला त्या शिवारातली चांगली जमीन येत नसे. ही व्यवस्था न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. बायकांना तर तिच्यात जवळजवळ जागाच नव्हती. पण निवाडा चार लोकांसमोर होई आणि ज्यांच्या निशाण्या खाली असत, त्यांना पुढे कुणीही जाऊन विचारू शके.

१८१८ साली पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला दख्खनचा सारा ठरवायचा होता. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. तो हेलीबरीच्या कॉलेजात शिकून आलेला. तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत आणि रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांताची त्या काळी मोठी चलती होती. जमिनीचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारनं घ्यायचा, असा त्याचा हिशेब. १८२०च्या दशकात पुणे जिल्ह्यात ही पाहणी सुरू झाली. प्रत्येक शेताचं उत्पन्न, बैलांचा खर्च, मजुरी, खत असे आकडे गोळा झाले. कागदावर ते अतिशय व्यवस्थित दिसत होते. पण ते गोळा करणाऱ्या हाताखालच्या लोकांनी कुठे लाच घेऊन कमी लिहिले, कुठे लाच मिळाली नाही म्हणून जास्त लिहिले, आणि शेताच्या धन्याला आपल्या नावापुढे काय लिहिलं गेलं हे कळण्याची सोय नव्हती. आकारणी एवढी चढी आणि बेहिशेबी ठरली की रयत जमिनी टाकून जाऊ लागली. इंदापूर तालुक्यात पड जमीन वाढत गेली.

प्रिंगलच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्याला सारा शास्त्रशुद्ध हवा होता. पण आकडा शास्त्रशुद्ध असतो तो गोळा करण्याच्या रीतीमुळे, आणि ती रीत पारखून घेणारं कुणी त्यानं ठेवलं नव्हतं. आज कुठल्याही कार्यालयात कुणी मला सांगतं की ही यादी प्रणालीनं काढली आहे, तेव्हा मला प्रिंगलचे ते नेटके तक्ते आठवतात.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातून पुन्हा सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत त्यांनी बाजूला ठेवला आणि डोळ्यांना दिसेल ते मोजायचं ठरवलं. मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबारावर आता हेक्टर आणि आर आले, तरी हे माप आजही गावाच्या तोंडी आहे. मग प्रतबंदी. शेताच्या नकाशावर चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात माती किती खोल, काळी की तांबडी, चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का हे खुणांनी टिपायचं, आणि त्यावरून त्या शेताची प्रत आण्यांत ठरवायची. हे सगळं बांधावर उभं राहून होत असे. शेतकरी समोर असे. माती किती खोल आहे यावर वाद घालायचा तर कुदळ हाताशी होती. साऱ्याचा आकार कमी ठेवला गेला आणि ३० वर्षं तो वाढणार नाही अशी हमी मिळाली. पड जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. १८४७च्या संयुक्त अहवालानं ही पद्धत मुंबई इलाख्याची पद्धत झाली.

मात्र या चांगल्या मोजणीनं आणखी एक काम केलं, ज्याचा विचार कमी झाला. भूमापन क्रमांक पडला, नकाशा झाला, खातेदाराचं नाव लागलं, आणि जमीन गहाण टाकण्याजोगी, विकण्याजोगी झाली. सावकाराला आता गावातल्या कुणाला विचारावं लागत नव्हतं. क्रमांक पुरत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला तेव्हा कर्ज हवं तेवढं मिळालं. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमारास इंदापुराची ३० वर्षांची मुदत संपून नवी, वाढीव आकारणी आली. कर्जखतं मात्र सावकाराच्या पेटीत होती. त्यांत काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. दख्खनच्या या दंग्यांची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की लोकांचा रोख प्रामुख्यानं कागदांवर होता. खतं, वह्या, हुकूमनामे मिळवायचे आणि जाळायचे. जिथे सावकारानं कागद निमूट दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. माझ्या तालुक्याशेजारच्या या घटनेकडे मी महसूल खात्यातली बाई म्हणून पाहते. नोंदीवर हरकत घ्यायला दार नसलं की लोक नोंदच जाळतात, असं सुप्यानं दाखवलं.

सरकारनं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. शेतकऱ्यानं करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, त्याला तो समजावला जावा, दिलेल्या पैशांची पावती मिळावी, अशी त्यात तजवीज होती. लिहून घेण्याच्या क्रियेत तिसरा माणूस उभा करायचा, हे त्याचं सार. चारच वर्षांनी जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला. गावच्या कुलकर्ण्यापासून वरच्या कचेरीपर्यंत लेखणी हाती असलेल्यांनी निरक्षर शेतकऱ्याला कसं नाडलं, हे त्यांनी तिथे तपशिलानं मांडलं. त्यांचा उपाय शिक्षणाचा होता आणि नोकऱ्यांत सर्व जातींच्या माणसांचा होता. लिहिणाऱ्यांत आपलं माणूस असणं हीसुद्धा नोंदीच्या खरेपणाची अट आहे, हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं झाल्यावर १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा आला. तोवर सरकारी दप्तरात सारा भरणाऱ्याचं नाव असे. गहाणदार कोण, कूळ कोण, हिस्सेदार कोण हे तिथे दिसत नसे. १९१३मध्ये ही हक्कनोंद जमीन महसूल संहितेत सामावली गेली. आज १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तिचं जे रूप आहे, तेच मी आयुष्यभर राबवलं. ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कुणी वारलं, जमीन विकली, वाटणी झाली, तर संबंधितानं तलाठ्याकडे वर्दी द्यायची. तलाठ्यानं फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहात, नोंद धरायची. तिची प्रत चावडीवर लावायची. ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होई, वेगळ्या वहीत जाई आणि दोन्ही बाजूंचं ऐकून निकाल होई. नाही आली तर मंडळ अधिकारी, ज्याला गाव सर्कल म्हणतं, तो गावात येऊन नोंद प्रमाणित करी. त्यानंतरच साताच्या उताऱ्यावर नवं नाव चढे. जुन्या नावाला कंस होई आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक येई. कंसातलं नाव वाचता येत असे. कुणाचा हक्क कोणत्या नोंदीनं गेला, हे पुढच्या पिढीला त्या पानावरूनच कळे. प्रत्येक पायरीवर एक नाव आणि एक सही होती.

कोतवाल दवंडी देई. सर्कल आले की लोक चावडीवर जमत. मी नवी असताना मला वडीलधारे शेतकरी ‘बाई, जरा मोठ्यानं वाचा’ असं सांगत. नोटीस लावणं ही कायद्याची गरज होती. मोठ्यानं वाचणं ही गावाची गरज होती. वाचताना कुणीतरी मागून म्हणे, ‘धाकटीचं नाव राहिलं की.’ आणि नोंद तिथेच अडे.

या नमुन्यांतला एकेक रकाना माणसांच्या आयुष्यावर किती दूर पोचतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण कूळकायद्याचं. बाराच्या भागात जमीन कोण कसतो त्याचं नाव आणि कसण्याची रीत लिहायचा रकाना होता. महसुली हिशेबासाठी ठेवलेला. १९४८च्या कूळकायद्यानं आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानं त्या रकान्याला एकदम नवा अर्थ आला: त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो जमिनीचा मालक मानला गेला. ज्यांची नावं त्या रकान्यात होती त्यांच्या नातवंडांकडे आज सातबारा आहे. ज्यांची नावं मालकानं तलाठ्याशी संधान बांधून आधीच उतरवली होती, त्यांची नातवंडं मी इतरांच्या उसात राबताना पाहिली आहेत. रकाना आखणाऱ्यानं या कशाचाही विचार केला नसेल. म्हणून तर नमुना आखणं हे काम मला कधीच निव्वळ तांत्रिक वाटलं नाही.

बायकांची नावं साताच्या मुख्य भागात क्वचितच असत. बाप वारला की थोरल्या मुलाचं नाव लागे आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागे धाकटे भाऊ, आई आणि बहिणी असत. बहिणीचं नाव लिहिलंच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेनंतर आणि १९९२च्या सरकारी परिपत्रकानंतर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावण्याचे अर्ज येऊ लागले. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं मुलीला वडिलार्जित जमिनीत जन्मापासून हक्क दिला. कायदा बदलला, पण जुन्या पानांवर ‘ए.कु.मॅ.’ तसंच होतं. संगणकात भरायला घेतली ती हीच पानं.

जमीनदप्तराच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८–८९ साली काही मोजक्या जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून वर्धा होता. आमच्याकडे काम पोचायला वेळ लागला. लाखो पानांची माहिती भरायची होती. ती भरणारी मुलं हुशार होती, वेगानं टंकत होती, पण कंसाचा अर्थ त्यांना कुणी नीट सांगितला नव्हता. कंसातलं नाव चालू नाव म्हणून भरलं गेलं, चालू नाव गळलं, क्षेत्रात आर आणि गुंठ्यांची गल्लत झाली, ‘इतर हक्क’ रिकामा राहिला.

२०१७ साली राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला प्रत्येक सातबारा गावासमोर वाचायचा, हातानं लिहिलेल्याशी ताडून पाहायचा, चुका टिपायच्या. माझ्या मंडळातल्या एका गावात वाचन चाललं होतं. एक सत्तरीची विधवा, भावाच्या घरी राहणारी, खांबाला टेकून बसली होती. तिच्या भावाचा गट वाचून झाला, तलाठी पुढच्या पानाकडे वळले. ती म्हणाली, ‘भाऊसाहेब, माझं नाव वाचलं नाही तुम्ही.’ तलाठ्यांनी जुनं पान काढलं. इतर हक्कात तिचं नाव आणि पोटगीचा हक्क लिहिलेला होता. संगणकात तो रकाना कोरा होता. तिचा भाऊ शेजारीच बसला होता आणि त्यानंही ‘हो, हाय तिचं नाव’ असं सांगितलं. दुरुस्ती झाली. तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावर, संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर ती चूक तिला आयुष्यात सापडली नसती.

मी संगणकाच्या विरोधात नाही. जुन्या काळात उताऱ्यासाठी शेतकरी तलाठ्याच्या दारात दिवस दिवस बसत. दप्तर कुठे घरी असे, कुठे पेटीत. ब्लेडनं खरवडून नाव बदललेली पानं मी स्वतः पाहिली आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा कुठूनही काढता येतो, त्यानं माणसांचे हेलपाटे वाचले. दस्त नोंदवला की त्याची वर्दी आपोआप तलाठ्याकडे पोचते. फेरफार कोणत्या टप्प्यावर आहे, हे ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसतं. संगणकात कुणी कधी काय बदललं याची खूण मागे राहते. खरवडलेल्या कागदावर ती राहत नव्हती. हा फायदा खरा आहे आणि तो गमवावा असं कुणीच म्हणणार नाही.

पण सही डोंगलमध्ये गेली, आणि डोंगल दुसऱ्याच्या हाती देता येतं. एकेका तलाठ्याकडे अनेक गावं, वर निवडणुका, पंचनामे, याद्या. मग एखादा खासगी मदतनीस, ज्याला सगळा महाराष्ट्र झिरो तलाठी म्हणून ओळखतो, तो टंकतो आणि सहीही तोच उमटवतो. यंत्राच्या लेखी ती सही पूर्ण खरी असते. दुसरीकडे संहितेचं कलम १५५ आहे, लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठीचं. टंकताना झालेल्या चुका सुधारायला त्याचा उपयोग झाला, आणि त्याच वाटेनं हक्कच बदलणारे आदेश झाल्याच्या तक्रारीही राज्यभर आल्या. दोन्ही ठिकाणी गाळला गेला तो हरकतीचा काळ, म्हणजे कायद्यानं मुद्दाम ठेवलेला उसंतीचा वेळ. प्रणाली वेगवान झाली की ही उसंत दिरंगाईसारखी दिसू लागते. ती दिरंगाई नव्हे. त्या १५ दिवसांत पुण्यात कामाला गेलेला भाऊ गावी येतो, सासरी गेलेल्या बहिणीपर्यंत बातमी पोचते.

१५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आधी पीक पाहणी तलाठ्याचं काम होतं. सगळे तलाठी शिवारात फिरत असं मी म्हणणार नाही. चावडीत बसून गेल्या वर्षीचं पीक पुन्हा लिहिणारेही होते. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. त्यांतल्या १० टक्के नोंदी तलाठ्यानं तपासायच्या. आपल्या पिकाची नोंद आपल्या हातानं करणं, ही कल्पना मला मनापासून आवडली. अडचण आली ती जबाबदारी कुठे सरकली यात. रेंज नाही, फोन मुलाकडे आणि मुलगा चाकणला, बाईच्या नावावर जमीन पण तिच्या हाती फोन नाही. अशा वेळी पीक उभं असूनही नोंदीत जमीन कोरी. २०२३ साली कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं आणि सातबारावरच्या ई-पीक नोंदीची अट आली. कांदा विकल्याची बाजार समितीची पट्टी हातात असलेले शेतकरी अपात्र ठरू लागले. ओरड झाल्यावर गावपातळीवर माणसांनी खात्री करण्याचा मार्ग काढावा लागला. पुढे पिकांच्या नोंदीसाठी गावोगाव सहायकही नेमले गेले. यंत्र चुकलं नव्हतं. यंत्राबाहेर राहिलेल्यांचं काय करायचं, हे आधी ठरवलं नव्हतं.

आणि वाटेकरी? बटईनं जमीन कसणारा या ॲपमध्ये कुठे आहे? नोंद खातेदाराच्या नावानं होते. पाऊस पडतो, गारपीट होते, नुकसान कसणाऱ्याचं होतं, भरपाई खातेदाराच्या खात्यात जाते. १९५७ साली ज्या रकान्यानं भूमिहीनांना जमीन दिली, तो कसणाऱ्याचा रकाना सातबारावरून कधीच गेला. कसणाऱ्याची नोंद आता तहसीलदाराच्या चौकशीच्या वेगळ्या वाटेनं जाते आणि त्या वाटेला सहसा कुणी जात नाही. २०२५पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीशी बांधलेला आहे. जमीन नावावर नसलेली, पण जन्मभर खुरपं हाती असलेली बाई या व्याख्येत शेतकरी ठरत नाही. हा निर्णय कुण्या अधिकाऱ्यानं सभेत जाहीर केला नाही; तो नमुन्याच्या आखणीतच झाला.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. पूर्वी कुणाचाही उतारा कुणालाही मागता येई, पण त्यासाठी चावडीवर यावं लागे, आणि कोण कुणाची जमीन पाहतोय हे गावाला कळे. आता नावावरून शोध घेता येतो. मुंबईत बसलेला दलाल एखाद्या विधवेच्या नावावर किती क्षेत्र आहे हे पाहू शकतो आणि तिला ते कधीच कळत नाही. नोंद उघडी असावी याच मताची मी आहे, कारण झाकलेल्या दप्तरानं गरिबाचं कधी भलं केलं नाही. पण उघडेपणा दोन्ही बाजूंनी हवा. माझी जमीन कुणी पाहिली हे मला कळलं पाहिजे. यंत्राला ते सहज जमेल. तसं सांगितलं मात्र पाहिजे.

नवं तंत्र नीट वापरता येतं याचाही दाखला आमच्याच पुणे जिल्ह्यात आहे. गावठाणातल्या घरांची मोजणी बहुतेक ठिकाणी झालेलीच नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि पुढे २०२० साली आलेल्या स्वामित्व योजनेला अशा प्रयोगांचा आधार मिळाला. ड्रोन उडण्याआधी गावकरी आपापल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारतात. शेजारी शेजारी उभे राहतात, वाद तिथेच निघतात, काही मिटतात. ड्रोन त्या पांढऱ्या रेघांचं चित्र घेतो. मग कर्मचारी घरोघर चौकशी करतात आणि शेवटी सनद मिळते. वरून छप्पर दिसतं, छपराखाली कोण राहतं ते दिसत नाही; म्हणून आधी माणसांनी रेघ मारायची आणि नंतर माणसांनीच विचारायचं, अशी ही रीत. विंगेटनं बांधावर उभं राहून जे केलं त्याच्या ती जवळ जाते.

दोनशे वर्षांचा हा प्रवास पाहून माझ्या मागण्या साध्या आहेत. संगणकातली नोंद वर्षातून एकदा गावासमोर मोठ्यानं वाचली जावी. २०१७ साली मोहीम म्हणून झालं ते कायद्यानं दरवर्षी व्हावं, आणि त्यात ई-पीक पाहणीची यादी, अपात्र ठरलेल्यांची यादी, कलम १५५च्या दुरुस्त्याही याव्यात. कुठल्याही योजनेतून नाव आपोआप गळण्याआधी नोटीस आणि हरकतीची मुदत असावी. त्या निर्णयाखाली एका माणसाचं नाव आणि भेटण्याचं ठिकाण असावं. ‘सर्व्हर’ हे उत्तर कुणाही नागरिकाला मिळू नये. कसणाऱ्याचा आणि घरातल्या बाईचा रकाना नव्या नमुन्यांत परत यावा. नमुना आखताना गावातली माणसं त्या खोलीत असावीत.

संहितेचं कलम १५७ सांगतं की हक्कनोंदीतली नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. हा फार मोठा अधिकार आहे. खोटं ठरवण्याचा सगळा भार तो त्या माणसावर टाकतो, ज्याच्याकडे बहुधा वकील नसतो, वेळ नसतो आणि जुना कागदही नसतो. जे सरकार म्हणतं की आमची नोंद खरी माना, त्या सरकारवर ती वाचून दाखवण्याचं बंधन आहे. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत संगणकीय सातबाराचं वाचन व्हावं, असा लेखी अर्ज मी दिला आहे. आपल्या गावात तो देण्यासाठी कुठलं पद लागत नाही, फक्त पोच घ्यायला विसरू नका.